सोयऱ्यांचं खातं

एका तालुक्याच्या गावात एक छोटीशी बँक होती. शालन तिथे नोकरीला लागली तेव्हा काउंटर सागवानी होता. पितळी टोकन हातात घेऊन माणसं बाकावर गप्पा मारत बसायची. कुणी शिल्लक विचारली, की केळुसकर साहेब ती मोठ्याने सांगत नसत. चिठोऱ्यावर आकडा लिहून पुढे सरकवत आणि वाचून झाला की फाडून टाकत. शालनला हसू यायचं. साहेब म्हणत, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. उघडायची तर ज्याची त्याने."

पुढे साहेब गेले, टोकनं गेली, बाकही गेला. बँक लोकांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसली. शालन आता शाखेची अधिकारी होती. एक बटण दाबलं की कुणाचंही खातं तिच्यासमोर उघडे. बाकावरच्या त्या गप्पांची मात्र तिला फार आठवण येई.

एके दिवशी तिचे थोरले भाऊ, अण्णा, बँकेत आले. आईवडिलांमागे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"आपल्या मेघनाचं मोहित्यांकडे जुळतंय," अण्णा आपल्या लेकीबद्दल म्हणाले. "त्यांचं खातं तुझ्याकडेच आहे. किती पाण्यात आहेत, जरा बघून सांग."

"ते मला बघता येणार नाही, अण्णा. ज्याचं खातं, त्याच्या संमतीशिवाय माहिती द्यायची नाही, असा कायदा आहे. तुम्ही त्यांनाच विचारा ना."

"म्हणजे भावापेक्षा कायदा मोठा?"

अण्णा चहाही न घेता उठले. त्या वर्षी ते भाऊबीजेला आले नाहीत. मांडलेलं ओवाळणीचं ताट शालनने डोळे पुसत उचललं. पण मोहित्यांचं खातं तिने उघडलं नाही.

साखरपुड्याचा निरोप आला, तोही दुसऱ्याकरवी. शालन गेली आणि मागे जाऊन बसली. जेवणं झाल्यावर मुलाचे वडील, मोहिते, अण्णांना म्हणाले, "तुमच्या बहीणबाई फार कडक हो! बोलणी सुरू होण्याआधी मी तुमच्या खात्याची चौकशी करायला गेलो होतो. एक अक्षर सांगितलं नाही. रागच आला मला. मग वाटलं, आज मला तुमचं सांगितलं असतं, तर उद्या माझंही कुणाला सांगितलं असतं. तेव्हाच ठरवलं, सोयरीक करायची ती याच घरात."

अण्णांचा चेहरा उतरला. वहिनींच्या आजारपणात त्यांचं खातं पार रिकामं झालं होतं, आणि ते त्यांनी घरातही कुणाला कळू दिलं नव्हतं. ते उठून शालनजवळ आले.

"मोहिते येऊन गेले, हे तरी मला सांगायचंस."

"तेही त्यांचंच होतं, अण्णा. मी कसं सांगणार?"

अण्णांनी पेढा उचलून तिच्या हातावर ठेवला आणि लहानपणी मारत तशी हाक मारली, "शालू!"

तात्पर्य: विश्वासाने सोपवलेली माहिती आपल्या माणसासाठीही उघड करू नये. जो परक्याचं राखतो, तोच आपलंही राखतो.