जाळ्याची गाठ आणि सात गुरुजी

खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक गुरुजी होते. गुरुजी विद्वान होते, वक्तशीर होते आणि कायम वैतागलेले असत. वैतागाचं कारण विचारलं की सांगत, "मुलं."

त्यातही एक मुलगी त्यांना फार छळत असे. तिचं नाव ठकी. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ती तोंडी फटाफट द्यायची, पण पुस्तक समोर ठेवलं की गप्प. एका जागी ती बसत नसे. उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. गुरुजी ओरडले की घटकाभर बसायची आणि पुन्हा उठायची.

"मुद्दाम करते," गुरुजी म्हणत. "डोकं आहे, पण वापरायचं नाही."

त्या गावात गुरुजींनीच घालून दिलेला एक नियम होता. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाने पाटलांसमोर मांडी घालून पुस्तकातल्या पाच ओळी वाचायच्या. ज्याला वाचता येणार नाही त्याने आपली पाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि घरी जायचं. पुन्हा शाळेत यायचं नाही. ठकीला हे ठाऊक होतं. तिच्या आईलाही ठाऊक होतं. आई रोज तिला शाळेत सोडताना म्हणे, "आज तरी बस गं बाय." ठकी हो म्हणे आणि बसत नसे.

इकडे त्या मुलखाच्या राणीसरकारांच्या लक्षात आलं की शाळांत जितकी मुलं जातात त्यांतली निम्मी मधेच शाळेबाहेर पडतात. त्यांनी गुरुजी लोकांना कारण विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर आलं, "मुलं मठ्ठ आहेत." मग त्यांनी चौकशी केली, की मुलखात असं कोणी आहे का, ज्याने शिकायला आलेलं एकही पोर परत पाठवलेलं नाही? बंदरावर जाळी विणणारी एक म्हातारी सापडली. चाळीस वर्षं ती पोरांना जाळं विणायला शिकवत होती. एकालाही तिने घालवून दिलं नव्हतं.

राणीसरकारांनी हुकूम काढला. सात गावांच्या सात गुरुजींनी आठ दिवस त्या म्हातारीकडे शिकायला जावं.

आपले गुरुजी संतापले. "माझे केस पांढरे झाले. मी आता मासळीच्या वासात बसून शिकू?" पण हुकूम तो हुकूम. गेले.

म्हातारीने सातही जणांना समोर बसवलं. हातात लाकडी सुई घेतली, सूत ओढलं आणि जाळ्याची एक गाठ मारून दाखवली. "अशी. आता तुम्ही मारा."

सातही जणांनी दौत आणि टाक काढले आणि लिहायला सुरुवात केली.

"काय करताय?" म्हातारीने विचारलं.

"टिपून घेतोय, मावशी."

"गाठ कागदावर मारायचीय का?"

पण ऐकतंय कोण? संध्याकाळपर्यंत गाठीचे सगळे टप्पे सातही जणांना तोंडपाठ झाले. एका सुरात म्हणूनही दाखवले. म्हातारीने हातात सूत दिलं. एकालाही गाठ आली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. एक गुरुजी म्हणाले सूत वाईट आहे. दुसरे म्हणाले वारा फार आहे. आपल्या गुरुजींची गाठ दर वेळी सुटून हातात येत होती आणि बाजूला बसलेली कोळ्यांची पोरं फिदीफिदी हसत होती.

"लक्ष कुठंय, गुरुजी?" म्हातारी म्हणाली. "बगळे मोजताय?"

गुरुजींचे कान तापले. हेच वाक्य ते रोज ठकीला ऐकवत असत.

तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "ज्याला जमत नाही त्याला तुमच्या शाळेत काय करतात?"

"उभं करतात."

"मग व्हा उभे."

सातही गुरुजी भर उन्हात उभे राहिले. उपरण्यांनी घाम पुसून पुसून उपरणी भिजली. बऱ्याच वेळाने म्हातारीने विचारलं, "आली का गाठ?"

"नाही."

"मग उगाच कशाला उभे? बसा."

बसता बसता गुरुजींनी सुई आपटली. "नाही जमत मला! तुम्ही भरभर करता. तुमचा उजवा हात मला डावीकडे दिसतो. मी तसं करायला जातो आणि सगळं उलटं होतं!"

म्हातारीने हातातलं काम खाली ठेवलं. "तीन दिवसांनी एक जण तरी खरं बोलला." ती उठली, समोरून त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि आपला हात त्यांच्या हाताच्या बाजूला धरून सावकाश गाठ मारली. गुरुजींनी मारली. घट्ट बसली.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" म्हातारीने विचारलं.

"लाज वाटली," गुरुजी पुटपुटले. "आणि तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं. मुद्दाम. बघत होते, विचारल्याशिवाय किती दिवस मठ्ठ राहता ते."

उरलेल्या दिवसांत म्हातारीने बाकीच्या सहा जणांनाही एकेक करून विचारलं. एकाला बसून जमत नव्हतं, त्याच्यासाठी तिने सूत खांबाला बांधलं आणि उभ्याने विणायला लावलं. एकाच्या डोळ्यांना बारीक सूत दिसत नव्हतं, त्याला जाडं दिलं. आठव्या दिवशी सातही जणांना गाठ येत होती.

पुढे काय झालं ते सांगतानाही चीड येते. सहा गुरुजी आपापल्या गावी गेले आणि शाळेतल्या मुलांना जाळ्याची गाठ शिकवायला लागले. ज्यांना ती येईना त्यांना त्यांनी उन्हात उभं केलं.

सातव्याला मात्र काहीतरी कळलं होतं. ते शाळेत आले, ठकीच्या शेजारी जाऊन बसले आणि पुस्तक उघडलं. "काय दिसतं तुला?"

ठकी घाबरली. असं तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. "ओळी हलतात," ती म्हणाली. "खालची वर येते. अक्षरं एकमेकांत घुसतात."

गुरुजींनी माडाच्या झावळीचं एक पातं घेतलं. त्याला एका ओळीपुरती फट पाडली आणि पुस्तकावर ठेवलं. "आता?"

"आता एकच दिसते."

आणि उठायचं असेल तर ऊठ, चालत वाच, एवढं त्यांनी सांगितलं.

काही जण ही गोष्ट सांगताना म्हणतात, की ठकी आठ दिवसांत घडाघडा वाचायला लागली. खोटं आहे. सात महिने लागले. त्यात गुरुजी कितीदा तरी चिडले. दोनदा तर पातं फेकून दिलं आणि स्वतःच उचलून आणलं. तरीही ठकी इतरांपेक्षा सावकाशच वाचत होती. पण वाचत होती.

परीक्षेचा दिवस आला. सगळं गाव जमलं. ठकी पातं घेऊन पुढे आली आणि उभी राहिली.

पाटील म्हणाले, "मांडी घाल. आणि ते काय हातात? ही लबाडी चालायची नाही."

ठकीने गुरुजींकडे पाहिलं. गावही पाहत होतं. नियम गुरुजींचा होता. इतक्या वर्षांत त्यांनी तो कोणासाठी वाकवला नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. गप्प बसले असते तर त्यांचा मान राहिला असता आणि ठकीची पाटी उंबऱ्यावर गेली असती.

गुरुजी उठले. "पाटील, पातं मी दिलंय. ती चालत वाचेल. नियम चुकीचा होता."

ठकी चालू लागली. दारापर्यंत एक ओळ, परत येताना दुसरी. चौथ्या ओळीत अडली, मागे गेली, पुन्हा वाचली. पाटलांनी दोन जांभया दिल्या. पाच ओळी झाल्या. ठकीने आपली पाटी उचलून छातीशी धरली आणि आईकडे पळाली.

तेवढ्यात मागून एक म्हातारा नावाडी उठला. "गुरुजी, माझा पोरगाही असाच फिरायचा. त्याची पाटी तुम्ही ठेवून घेतलीत."

गुरुजी त्याच्यापाशी चालत गेले. मग म्हणाले, "चूक त्याची नव्हती. माझी होती. उद्या पाठव त्याला."

"तो आता दोन पोरांचा बाप आहे, गुरुजी. दिवसभर होडी वल्हवतो."

"मग होडी बांधून झाल्यावर पाठव," गुरुजी म्हणाले. "मी शाळा उघडी ठेवतो."

तात्पर्य, कान उघडे ठेवून ऐका: मुलाला जमत नसेल तर त्याला उभं करू नका, त्याचं कुठे अडतंय ते शेजारी बसून विचारा. आणि विचारायचं कसं हे ठाऊक नसेल, तर शिकवायला बसण्याआधी ते शिकून या.