थेंबांची कुपी

माझ्या लेकीला, मिहिकाला, औषध पाच थेंब द्यायचं की पाच चमचे, या धास्तीनं रात्रभर माझा डोळा लागला नाही. ऑफिसात मी आकडेमोडीचे प्रोग्राम लिहिते. तिथे माप चुकलं, थेंबांच्या जागी चमचे घातले, तर प्रोग्राम सुरूच होत नाही. घरात मला असं अडवणारं कुणी नाही. सकाळी मिहिकाला ही गोष्ट सांगितली, बहुधा स्वतःलाच.

फार पूर्वी, औषधांवर चिठ्ठ्या नसायच्या तेव्हा, एका खारीचं पिल्लू तापानं फणफणलं. अस्वलवैद्यानं कुपी दिली आणि बजावलं, "पाच थेंब." धावतपळत घरी पोचेपर्यंत खारीच्या लक्षात राहिलं ते फक्त पाच. तिनं चमचा घेतला. पण कुपीचं तोंड इतकं बारीक, की चमचा आत जाईना.

"तोंड उघड की जरा!" चमचा खेकसला. "पाचच तर घ्यायचेत."

"पाच काय?" कुपीनं विचारलं.

"पाच म्हणजे पाच!"

"माझ्यातून थेंबच निघतात, बाबा. गवताची काडी आणा."

"माझं बाळ तापलंय आणि तू अडवतेस?" खार रडकुंडीला आली.

"म्हणूनच अडवतेय, बाई. घाबरलेल्या आईला सगळं आठवत नाही, हे वैद्यबुवांना ठाऊक आहे. म्हणून तर त्यांनी माझं तोंड एवढंसंच ठेवलंय."

खारीनं काडी बुडवली, पाच थेंब पाजले. दुपारी पिल्लानं डोळे उघडून शेंगदाणा मागितला. चमचा मात्र कोपऱ्यात फुगून बसला.

मिहिका म्हणाली, "आई, त्याला मधाच्या बरणीत जाऊ दे ना. तिचं तोंड मोठं असतं."