इनासने लावलेली सुई

एकदा एक सुई डब्यात टाकली गेली, आणि त्यामुळे एका घरात नाताळ परत आला. ही सुई शिवणाची नव्हे. जुन्या ग्रामोफोनला, चावीच्या आणि भोंग्याच्या, जी लागते ती.

समुद्राकाठच्या एका गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत, एक वृद्ध कारागीर राहत असत. गाणी वाजवणारी जुनी यंत्रे दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. गाव त्यांना मास्तर म्हणे. वर्षभर त्यांच्या दुकानात फारसे कोणी फिरकत नसे, पण डिसेंबर लागला की पायरीवर चपलांची गर्दी होई. एरवी लोकांना मोबाइलवरची गाणी चालत. नाताळला मात्र प्रत्येकाला आपल्या आजोबांची तबकडीच हवी असे, तीसुद्धा त्याच यंत्रावर.

मास्तरांच्या हाताखाली फिलोमिना नावाची एक शिष्या चार वर्षे काम शिकत होती. तिशीची, हाताने हुशार आणि बोलायला चुरचुरीत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती न चुकता सांगे, "काकी, या जुन्या लाखेच्या तबकडीला दर गाण्याला नवी सुई लागते. तुमच्या नातवाच्या नव्या रेकॉर्डना एक सुई वर्षभर पुरेल, हिला नाही. ही सुई म्हणजे दात कोरायची काडी समजा. एकदा वापरली की टाकायची."

काकी हसत, आणि सुयांची पुडी घेऊन जात.

त्या वर्षी नाताळला आठवडा उरला असताना फिलोमिना स्वतःच्या घरचे यंत्र चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन दुकानात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मास्तर, आमच्या तबकडीचा आवाज बसला."

"कुठली तबकडी?"

"बाबांची. नाताळची."

ती तबकडी मास्तरांनाच काय, साऱ्या गल्लीला ठाऊक होती. फिलोमिनाचे वडील इनास नाताळच्या सकाळी चर्चमधल्या प्रार्थनेहून, मिस्साहून, आले की आधी नव्या शर्टाच्या बाहीने तबकडी पुसत, मग चावी भरत आणि अंगणात खुर्च्या बाजूला सारत. संथ लयीची जुनी धून होती ती, आणि मधेच एका बाईचा गोड आवाज लागे. मग इनास बायकोला, मार्थाला, हात धरून बाहेर आणत. त्यांना नाच अजिबात येत नसे. दर वर्षी ते मार्थाच्या पायावर पाय देत, आणि दर वर्षी मार्था अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणे, "पाय बघ, पाय." कुंपणापलीकडचे शेजारी तेवढ्या वाक्यासाठी थांबलेले असत.

दोन वर्षांपूर्वी इनास गेले.

"गेल्या नाताळला मी तबकडी लावली," फिलोमिना म्हणाली, "तर आई उठून स्वयंपाकघरात गेली. यंदा म्हणते, ते यंत्र देऊन टाक. त्याची खरखर ऐकली की मला तुझ्या बाबांचा खोकला आठवतो. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचा मालक नाताळच्या दुसऱ्या दिवशी न्यायला येणार आहे. शोभेला ठेवणार म्हणे."

"भोंग्यात झाडं लावेल तो," मास्तर म्हणाले.

"चेष्टा करू नका. आई घरात असते, केक करते, सगळ्यांना वाढते. पण नाताळ तिच्यापर्यंत पोचत नाही. हे एक गाणं नीट लागलं असतं, तर ती पाच मिनिटं माझ्याजवळ बसली असती. एवढंच हवं होतं मला."

मास्तरांनी चादर सोडली, चावी भरली आणि तबकडी लावली. घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि सुई तबकडीवरून उचलली. मग चष्मा कपाळावर सरकवून सुईचे टोक डोळ्यांजवळ नेले.

"सुई कधी बदललीस?"

फिलोमिना चादरीची घडी घालू लागली.

"गिऱ्हाइकांना काय सांगतेस तू?"

"मास्तर, ही बाबांनी लावलेली आहे." तिचा आवाज बारीक झाला. "शेवटच्या नाताळला गाणं झाल्यावर त्यांनी जुनी सुई काढली आणि ही नवी बसवून ठेवली. म्हणाले, ईस्टरला पटकन लावता येईल. ईस्टरपर्यंत ते राहिले नाहीत. त्यांच्या हातची शेवटची वस्तू आहे ही. सात वेळा वाजवली असेल मी. बदलायला हातच होत नाही."

मास्तरांनी स्क्रू सैल केला, सुई काढली, टेबलाखालून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ओढला आणि ती त्यात टाकली. वापरलेल्या सुया त्या डब्यात जमा होत असत. मग झाकण लावून त्यांनी डबा लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखा चांगला हलवला.

फिलोमिना पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"मास्तर, हे तुम्ही काय केलंत?"

"शोध. सापडली तर घेऊन जा."

तिने वर्तमानपत्र पसरून डबा उपडा केला. शेकडो सुया, सगळ्या सारख्या, सगळ्यांची टोके बोथट. ती जमिनीवर बसून एकेक उचलून पाहू लागली. मास्तरांनी आत जाऊन चहा ठेवला, गाळला, आणि दोन कप घेऊन ते तिच्याजवळ बसले. तोवर तिचे हात थांबले होते.

"नाही सापडत," ती म्हणाली.

"सापडायची नाही. पण तू ज्या ढिगात शोधते आहेस, त्यात तुझ्या बाबांच्या कितीतरी आहेत. दर वर्षी नाताळ झाला की इनास काडेपेटीत जुन्या सुया घालून इथे आणून द्यायचा. अंगणात पडल्या तर कोणाच्या पायात जातील म्हणून. आणि जाताना नव्या घेऊन जायचा. तीस वर्षं. एकदाही त्याने जुनी सुई पुन्हा लावली नाही."

फिलोमिनाने मान वर केली.

मास्तर पुढे म्हणाले, "लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी कालवलेली असते, हे तुला मी पहिल्याच वर्षी शिकवलं. ती कशासाठी? सुई झिजावी म्हणून. पहिल्या फेऱ्यांतच तबकडीवरची गाण्याची खाच सुईला घासून आपल्या मापाची करून घेते, आणि मग सुई गाते. गाणं संपलं की सुई संपते. तबकडी राहावी म्हणून तिने झिजायचं असतं. तीच पुन्हा लावलीस, तर ती गात नाही, तासते. तू प्रेमाने केलंस, पण बाबांची सुई जपता जपता त्यांचं गाणं खरवडत होतीस."

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"माणसाच्या आठवणीचंही असंच आहे, पोरी. ज्या दुःखाने पहिल्या दिवशी आठवलं, तेच बोथट दुःख घेऊन दर वेळी गेलीस, तर दर वेळी थोडा इनास कमी होईल. खोकलाच तेवढा उरेल. आजचं ताजं मन घेऊन जा, म्हणजे तो पुन्हा गाईल. त्याची सुई ठेवू नकोस. त्याची सवय ठेव."

मग उठून त्यांनी तिला सुयांची एक पुडी दिली, आणि खणातून एक रिकामी काडेपेटी काढून दिली.

"थोडी खरखर राहीलच," ते म्हणाले. "सात वेळा तासलंयस. ती आता गाण्यातलीच समज."

नाताळची सकाळ झाली. मिस्साहून आल्यावर मार्था नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात शिरली. फिलोमिनाने बाहीने तबकडी पुसली, चावी भरली, नवी सुई घट्ट बसवली आणि खुर्च्या बाजूला सारल्या. आधी थोडी खरखर झाली. आतून भांड्याचा आवाज आला, मार्थाने मुद्दामच आदळले असावे. मग धून लागली, स्वच्छ, आणि तिच्यामागून त्या बाईचा आवाज अंगणभर पसरला.

भांडी गप्प झाली. मार्था हातात झारा घेऊन दारात आली.

"हे कुठून आलं?" ती म्हणाली.

"तेच आहे, आई. सुई बदलली."

मार्था उभी राहून ऐकत होती. तिचा पाय लयीवर हलू लागला होता, तिच्याही नकळत. फिलोमिनाने तिच्या हातातला झारा काढून घेतला, खुर्चीवर ठेवला आणि तिचा हात धरला. चार पावले नीट पडली. पाचव्याला फिलोमिनाने आईच्या पायावर पाय दिला.

"पाय बघ, पाय," मार्था म्हणाली. "बापावर गेली आहेस अगदी."

कुंपणापलीकडून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दोन वर्षे ते वाक्य ऐकायचे राहून गेले होते. मार्था हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. गाणे संपल्यावर फिलोमिनाने सुई काढली आणि काडेपेटीत टाकली. तिला वाटले होते त्यापेक्षा हात हलका झाला.

"पुन्हा लाव," मार्था म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रिसॉर्टचा मालक यंत्र न्यायला आला. त्याला केक मिळाला, चहा मिळाला, डब्यात बांधून करंज्याही मिळाल्या. यंत्र मिळाले नाही.

तिसऱ्या दिवशी फिलोमिना दुकानात आली आणि तिने काडेपेटी मास्तरांपुढे ठेवली. त्यांनी ती उघडून पाहिली.

"अकरा? एका गाण्याच्या?"

"आई पुन्हा लाव, पुन्हा लाव म्हणत राहिली. मी काय करणार?"

मास्तरांनी अकराही सुया पत्र्याच्या डब्यात ओतल्या, झाकण लावले आणि डबा एकदा हलवला. त्यातल्या इनासच्या कोणत्या आणि त्याच्या लेकीच्या कोणत्या, हे आता कोणालाही सांगता आले नसते.