वीतभर रुंद फळी

“मग सांगा ना आक्का, मी आत आलो कधी?”

हौसाआक्कांची रापी तिथंच थांबली. कातड्यात अर्धी शिरलेली.

रेवण त्यांच्या खांद्यामागं उभा होता. हसत होता. अकरा वर्षांनी बार्शीत आला आणि आल्या आल्या बाजी मारली, असं त्याला वाटत होतं. आक्कांना न कळता या दुकानात शिरणं आजवर कुणाला जमलं नव्हतं.

दारातून आत यायला एकच वाट. सागाची सहा पावलं लांब फळी, वीतभर रुंद, दोन्ही टोकांना विटांवर टेकलेली. गिऱ्हाइकानं चपला बाहेर काढायच्या आणि फळीवरून अनवाणी यायचं. आक्का दाराकडं पाठ करून बसायच्या, ऐकायच्या. कुणाची टाच जड पडते, कुणाचा चवडा बाहेर झुकतो, ते आवाजावरून सांगायच्या. मगच चपलेच्या कातड्याला हात. काचबिंदूनं डोळे नेले त्याला सात वर्षं झाली, काम एक दिवस अडलं नाही.

“बूट घालून आलास फळीवर?”

“घालून आलो, तरी वाजली नाही! दोन मिनिटं झाली उभा आहे. तुम्ही बोलत होतात.”

“कुणाशी?”

रेवणचं हसू ओसरलं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. समोर एक पोतं अंथरलेलं होतं. त्या पोत्यावर बसून तो नऊ वर्षं काम शिकला होता. आक्का त्या रिकाम्या पोत्याला सांगत होत्या, दगडावर पाणी टाक रे, कोरडी धार लावू नकोस...

“नीट ऐकू आलं नाही,” तो म्हणाला.

“आलं ऐकू.” आक्कांनी पदर झटकला. “चोरसुद्धा म्हातारीच्या घरात शिरला तर एखादं भांडं पाडतो. एवढी लाज त्याला असते. बोल, काय आणलंस?”

“पायातच आहे. पुण्यात आता मीच बुटांचे तळ आखतो, आक्का. पळणाऱ्यांचे, नाचणाऱ्यांचे. काचेच्या पाटावर माणूस उभा केला की कुठं किती दाब येतो ते पडद्यावर रंगात दिसतं. जिथं लाल, तिथं फोम. तीन थर. वरून अंडं टाकलं तरी फुटत नाही.”

“मग अंड्यांना घाल.”

...

आक्कांनी रापी खाली ठेवली. “कुणाचं काय मोडलं?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सगळं झकास चाललं असतं तर तुला माझी आठवण आली असती व्हय?”

रेवण पोत्यावर बसला. फुशारकी मारायला आलेल्या माणसाचं तोंड एकदा उतरलं की बघवत नाही. बरं झालं, आक्कांना दिसत नव्हतं.

“स्वरदा म्हणून एक मुलगी आहे. नाचाच्या चमूत सगळ्यांत पुढं असते. गिरकी घेताना घोटा मुरगळतो तिचा. दोनदा झालं. महिनाभर घरी बसली होती. डॉक्टर म्हणतात, आता नाचायला उभी राहा, पण आणखी एकदा झालं तर नाच विसर. शनिवारी कार्यक्रम आहे.”

“मग?”

“मी नवे बूट केले. तळ रुंद केला, टाचेभोवती कडक भिंत उभी केली. पायातले हे तसेच, माझ्या मापाचे. ती म्हणते, रेवणदादानं केलेत ना, मग मी तपासून बघणारसुद्धा नाही, तशीच घालीन.” तो थांबला. “मला खात्री नाही, आक्का.”

...

“डोळे बांध,” आक्का म्हणाल्या. “फळीवर जा. त्या टोकाला गिरकी घे आणि परत ये.”

त्यानं रुमाल बांधला. पहिलं पाऊल, दुसरं. पायाखाली नुसता मऊपणा होता. फळी कुठं संपते ते त्यात कुठंच सापडेना. तिसरं पाऊल अर्धं बाहेर पडलं, बाहेरच्या बाजूचा फोम दबला आणि ती कडक भिंत टाचेसकट कलंडली. रेवण चामड्याच्या ढिगावर जाऊन आदळला.

“लागलं?”

“नाही.”

“बूट काढ. पुन्हा.”

आता फळी गार लागली. दुसऱ्या पावलाला ती जुनी गाठ आली, नऊ वर्षं रोज तुडवलेली. कड करंगळीला आधीच कळली. फळी वाजत होती. आपला डावा पाय अजून जड पडतो, हे त्याला कितीतरी वर्षांनी ऐकू आलं. टोकाला तो वळला आणि परत आला.

“फोम काढून टाकू?” त्यानं रुमाल सोडला. “पण ती उडी मारून खाली येते. तिला मऊ लागतंच.”

“लागतंच.”

“मग किती ठेवू?”

“ती चालते कशी?”

“सगळे आकडे आहेत माझ्याकडं, दोन्ही पायांचे...”

“चालते कशी, रेवण?”

...

स्वरदाला त्यानं पाटावर उभं राहिलेलं शंभरदा बघितलं होतं. हलू नकोस, म्हणून तोच तिला दटावायचा.

आक्कांनी एक बूट मांडीवर घेतला. तळाखाली रापी घालून फोमचा एक थर सोलून काढला. अंगठा दाबला. आणखी एक पातळ पापुद्रा काढला. पुन्हा अंगठा दाबला, थांबल्या. मग दुसराही तसाच सोलला आणि दोन्ही बूट त्याच्या हातात दिले.

“हे तुझे झाले. तुझी पावलं माझ्या ध्यानात आहेत.”

“आणि तिचे?”

“तिला आधी अनवाणी चालव. तू तिच्याकडं पाठ करून ऐक.”

“आणि मला ऐकू नाही आलं तर?”

आक्कांनी पोत्याची वळलेली कड हातानं सरळ केली.

सव्वापाचची एसटी होती. रेवण उठला, फळीपाशी जाऊन बूट घालायला वाकला.

“हातात घे ते.”

“बाहेर रस्ता तापलाय, आक्का.”

“रस्त्यावर घाल. फळी संपेपर्यंत हातात.”

तो बूट घेऊन उभा राहिला. आक्का त्याच्याकडं पाठ करून बसल्या, गिऱ्हाइकाकडं करून बसायच्या तशाच.

“चल, नीघ,” त्या म्हणाल्या. “तू गेलास ते तरी मला कळू दे.”