शंखाच्या पोटातला चिखल

आज जिथे कोरडी टेकडी आहे तिथे समुद्र होता, तेव्हाची ही गोष्ट. तळाशी एक रिकामा शंख पडला होता. एकदा चिखल हळूच त्यात शिरू लागला.

"ए, बाहेर हो! माझं आतलं अंग किती गुळगुळीत आहे, घाण करशील!" शंख ओरडला.

"राहू द्या ना, दादा," म्हणत चिखल पार टोकाच्या वळशापर्यंत जाऊन बसला.

वर गाळाचे थर चढले. चिखल दाबला जाऊन दगड झाला. झिरपणाऱ्या पाण्यात शंख मात्र विरघळू लागला. तो घाबरून म्हणाला, "अरे, मी संपलो! मी कसा होतो, हे आता कुणाला कळणार?"

"तुमचा एकेक वळसा मी धरून ठेवलाय, दादा. जा तुम्ही निवांत."

शंख गेला. युगं लोटली. एके सकाळी संशोधक रेवतीच्या हातोडीनं खडक फुटला आणि ती हरखून ओरडलीच, "मंदार, शंख बघ, केवढा सुंदर!"

"शंख कुठाय यात? कवचाचा कणसुद्धा नाही. चिखलाचा दगड आहे नुसता," तिचा सहकारी म्हणाला.

"अरे, पण त्यानं वळसे कसे जपलेत बघ ना!"

तिनं दगड कापसात ठेवला आणि वरच्या चिठ्ठीवर 'शंख' एवढंच लिहिलं. चिखलाची काहीच हरकत नव्हती.