काळ्या फळांच्या गोळ्या

फार पूर्वी, एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. नदीवर पूल नव्हता, म्हणून गावाला एक नावाडी होता. पैलतीरावरून नाव सुटली की तो एक लांब हाक घालायचा. धुकं असलं तर नदीच्या मध्यावर आल्यावर आणखी एक. ती ऐकली की अलीकडची माणसं आपापली गाठोडी उचलून उभी राहायची. नावाड्याची बायको घरात काम करता करता त्या हाकेकडे कान देऊन असे. लग्न होऊन आली तेव्हा ती हाक एका दमात नदी ओलांडायची. अलीकडे ती मध्येच तुटायला लागली होती.

त्या गावात एक विचित्र रीत होती. आपण कोणतं औषध घेतो ते कोणालाही सांगायचं नाही. सांगितलं की औषधाचा गुण जातो, असं सगळे मानत. त्यामुळे काढे परसात आडोशाला उकळत, पुड्या तांदळाच्या मडक्यात लपत. शेजारणीनं वासाची चौकशी केली, तर काहीतरी करपलं म्हणून सांगून मोकळं व्हायचं. एका घरात तर सासू आणि सून दोघी एकाच दुखण्यावर एकच चूर्ण घेत होत्या आणि एकमेकींपासून चोरून ठेवत होत्या.

एका हिवाळ्यात नावाड्याची छाती धडधडायला लागली. वल्हं मारताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. बायकोनं हट्टानं त्याला वैद्यबुवांकडे नेलं. वैद्यबुवांनी डोळे मिटून नाडी पाहिली आणि सांगितलं, की हृदय उधळलं आहे, त्याला लगाम घालायला हवा. त्यांनी एका झाडाची वाळलेली साल दिली. रोज सकाळी तिचा काढा घ्यायचा. दोघं निघाली तेव्हा, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात म्हणत आले होते तसं, तेही म्हणाले, "कोणाला सांगू नका हं. गुण जाईल."

काढ्यानं धडधड थांबली. पण अंग जड झालं. पैलतीर पूर्वीपेक्षा लांब गेल्यासारखा वाटायला लागला. नावेतली माणसं थट्टा करू लागली. एकजण म्हणाला, "काय रे, नाव तू वल्हवतोस, का नदीच दया येऊन पोचवते?" नावाडी सगळ्यांबरोबर हसला. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही.

त्याच सुमारास त्याच्या नावेतून दूरदेशीचा एक व्यापारी गावात आला. त्याच्याकडे थंड डोंगरांवरची वाळवलेली फळं होती, काळी, वर जांभळी झाक असलेली. ती फळं खाल्ली की रक्त निर्मळ होतं, हृदय तरुण राहतं, असं तो सांगे. त्याच फळांत एक उष्ण मुळी कुटून त्यानं गोळ्याही केल्या होत्या. त्या ताकदीसाठी. व्यापारी लबाड नव्हता. नावाड्याच्या हातावर गोळ्या ठेवण्याआधी त्यानं विचारलं, "दादा, दुसरं काही औषध चालू नाही ना? असेल तर आधी तुमच्या वैद्यांना विचारा."

"मला काय धाड भरलीय?" नावाडी म्हणाला.

गोळ्यांनी जादू केल्यासारखं झालं. नावाडी तरतरीत दिसू लागला. त्याची हाक पुन्हा एका दमात नदीपलीकडून यायला लागली. लोक म्हणाले, याला काय म्हातारपण येतंय. थट्टा करणारा आता नावेत गप्प बसायचा.

बायकोला मात्र भीती वाटायला लागली. दुपारी जेवून तो पडला, की ती हळूच त्याच्या छातीवर हात ठेवायची. आत जात्यात खडा अडकावा तशी खडखड चालू असे. मध्येच ती थांबायची. तेवढा वेळ बायकोही श्वास घेत नसे. मग पुन्हा खडखड सुरू व्हायची आणि ती हात काढून घ्यायची. झोपेत त्याच्या मानेवरची शीर उडताना दिसायची. ती दुसरीकडे बघायची आणि पुन्हा तिथंच बघायची.

एकदा तिनं धीर करून विषय काढला. काढा तरी सोडा नाहीतर गोळ्या तरी, असं म्हणाली. त्यानं तिला समजावलं, की काढा धडधडीसाठी आहे आणि गोळ्या बळासाठी आहेत, दोन्ही चांगलीच आहेत.

"दोन बैल जुंपले की गाडी जोरात जाते की नाही?" तो म्हणाला.

"दोघं एकाच बाजूला ओढत असतील तर."

तो चिडला नाही. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "वैद्यबुवांजवळ बोललीस तर दोन्हींचा गुण जाईल. मग माझं काही झालं तर ते तुझ्यामुळं."

हे शब्द तिच्या मनातून गेले नाहीत. न बोलावं तर भीती, बोलावं तर त्याहून मोठी भीती.

वैद्यबुवांनी पुन्हा नाडी पाहिली तेव्हा ती पळत होती. त्यांना नवल वाटलं. त्यांनी सालीचं माप वाढवलं. पुढच्या खेपेला आणखी वाढवलं. मग एके दिवशी बायको एकटीच साल न्यायला गेली. वैद्यबुवा साल तोलता तोलता थांबले. "एवढ्या काढ्यानं घोडासुद्धा शांत झाला असता," ते म्हणाले. "वहिनी, ते आणखी काही घेतात का?"

ओसरीवर दोघीतिघी बसल्या होत्या. त्यांनी कान टवकारले नाहीत. उलट, रीतीप्रमाणे तोंडं फिरवली. गोळ्यांचं नाव बायकोच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचा चेहरा आला.

"नाही," ती म्हणाली.

वैद्यबुवांनी मान हलवली आणि सालीची आणखी एक मूठ पुडीत टाकली.

पुढे व्यापारी दुसऱ्या मुलखात निघून गेला आणि काही दिवसांनी गोळ्या संपल्या. बायकोला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी ती चुलीपुढे बसून गुणगुणली. आता एकच औषध राहिलं, आता काही भ्यायला नको, असं तिला वाटलं. तिनं काढा नेहमीसारखा, वैद्यबुवांनी सांगितला तेवढा, भरपूर केला आणि आपल्या हातानं त्याला दिला. दुसऱ्या दिवशीही दिला.

त्यानंतरच्या सकाळी नदीवर दाट धुकं होतं. पैलतीरावरून हाक आली. अगदी खोल, विहिरीतून आल्यासारखी. बायको अंगणात उभी राहिली. आता मध्यावरची हाक यायला हवी होती. घाटावर माणसं गाठोडी उचलायला खाली वाकून थांबली होती. हाक आली नाही. धुक्यात पाण्याचा आवाज तेवढा येत होता. कोणीतरी म्हणालं, येईल. ती घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात गेली, गुडघ्यापर्यंत, आणि तिथंच उभी राहिली.

धुकं जरा फाटलं तेव्हा नाव दिसली. ती आडवी वाहत येत होती. नावेतली एकच उतारू, एक म्हातारी बाई, नावाड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

वैद्यबुवा धावत आले. त्यांनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. नाडी इतकी संथ झाली होती, की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाला आशा सोडायला वेळ मिळत होता. तेव्हा बायकोनं त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. वैद्यबुवांनी होतं नव्हतं ते करून पाहिलं. ऊन वर यायच्या आत नावाडी गेला.

नंतर केव्हातरी ती वैद्यबुवांच्या ओसरीवर जाऊन बसली. वैद्यबुवा म्हणाले, "फळं निर्दोष होती. माझी सालही वाईट नव्हती. पण गोळ्यांतली मुळी हृदयाला पळवत होती, म्हणून मी लगाम आवळत गेलो. गोळ्या संपल्या आणि आवळलेला लगाम तसाच राहिला."

"त्या दिवशी मी सांगितलं असतं तर?"

खोटं बोलून तिचं दुःख हलकं करता आलं असतं. वैद्यबुवांनी तसं केलं नाही.

"तर मी काढा वाढवला नसता," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि कोणाला सांगू नका असं मी म्हटलं नसतं, तर तुम्ही सांगितलं असतंत."

पुढं ऊन तापायला लागलं तेव्हा तो व्यापारी परत आला. घाटावर बायाबापड्यांची गर्दी झाली. जो तो गोळ्या घेऊन पदराआड, धोतराच्या सोग्यात दडवत होता. नावाड्याची बायको पायऱ्या उतरून त्यांच्यात येऊन उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता.

"माझे मालक सकाळी वैद्यबुवांचा काढा घ्यायचे आणि दुपारी या गोळ्या. वैद्यबुवांनी मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

माणसं दचकून मागं सरली. असं उघड्यावर औषधाचं नाव घेतलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एक म्हातारा पुटपुटला, गप्प राहा बाई, सगळ्यांचा गुण घालवशील. तिनं तेच पुन्हा एकदा सांगितलं, शब्दही न बदलता.

मग कुंभारवाड्यातली एक म्हातारी पुढं आली. तिनं पदराआडची पुडी बाहेर काढली. "आमच्या म्हाताऱ्याची छाती धडधडते," ती म्हणाली. "मागच्या गोळ्या पुरवून पुरवून देतेय. काल संपल्या. आज सकाळी नुसता काढा दिला. हिवाळ्यात वाढवलेला, तोच." तिनं आजूबाजूला पाहिलं. "आता काय होईल गं?"

नावाड्याच्या बायकोनं तिचा हात धरला आणि दोघी चढणीला लागल्या. वाटेत वैद्यबुवांना बरोबर घेतलं.

कुंभार अंगणात उन्हात बसला होता. डोळे मिटलेले. म्हातारीनं हाक मारली, त्यानं ओ दिली नाही. वैद्यबुवांनी खाली बसून त्याचा हात हातात घेतला. मनगटावर बोटं सरकवत नाडी शोधली.

मग ते म्हणाले, "नाडी चालतेय. आज काढा बंद. वेळेवर सांगितलंत."

नावाड्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ते शब्द ऐकून ती तिथंच खाली बसली.

तात्पर्य: आपण काय काय घेतो हे वैद्याला माहीत नसेल, तर चांगलं औषधही जिवावर बेतू शकतं. वैद्यानं विचारलं तर खरं सांगावं, आणि विचारलं नाही तरी सांगावं.