डिकीतली गाडी

“पण कमी काय आहे गाडीत, ते तरी सांगाल की नाही?”

हर्षवर्धन इंगवले हे तिसऱ्यांदा विचारत होता, आणि या खेपेला त्याचा आवाज शेजारच्या लेथच्या घरघरीवर चढला.

दस्तगीर मिस्त्री लाकडी स्टुलावर बसून चहात खारी बुडवत होते. त्यांनी ती सावकाश उचलली, खाल्ली, बोटं पुसली.

“चाचा, मी तुमच्याशी बोलतोय.”

“ऐकतोय की.”

आणि त्यांनी दुसरी खारी उचलली.

आता यावर कुणाचंही डोकं फिरेल, आणि हर्षवर्धनचं तर मुळातच जरा लवकर फिरायचं. येत्या रविवारी गावाबाहेरच्या रेसिंग ट्रॅकवर त्याच्या क्लबच्या गाड्या फिरायच्या होत्या. उतरायचं तर गाडी तपासल्याचा कागद हवा, आणि त्या कागदावर उद्यमनगरातल्या या एका म्हाताऱ्याचीच सही चालायची. क्लबचा नियमच तसा होता.

दुसराही एक नियम होता. लागोपाठ तीन महिने ज्याची गाडी पूर्ण फेऱ्या मारणार नाही, त्याचं नाव यादीतून जायचं.

हर्षवर्धनचे दोन महिने वाया गेले होते. एकदा इंजिन तापून वाफ निघाली. एकदा सहाव्या फेरीला ब्रेकचं पेडल ओल्या कणकेसारखं मऊ पडलं आणि तो गाडी ढकलत बाहेर आला, सगळ्या क्लबसमोर. हा तिसरा महिना.

आणि मिस्त्रींनी तपासलं काय होतं? बॉनेट उघडलं नाही. चाक काढलं नाही. गाडीखाली डोकावले नाहीत. फक्त मागं जाऊन डिकी उघडली, आत बघितलं, डिकी लावली, आणि म्हणाले, “न्हाई जमायचं.”

ही काय तपासणी झाली?

“निदान बॉनेट तरी उघडा,” हर्षवर्धन म्हणाला.

“कशाला?”

“कशाला म्हणजे? इंजिन बघायला!”

“इंजिन चांगलंच असंल. तुमी ठेवलंय म्हटल्यावर.”

यात टोमणा होता की कौतुक, हे हर्षवर्धनला कळेना, आणि न कळल्यामुळं तो जास्तच तापला. तीन वर्षं दर शनिवारी तो इथं येऊन हात काळे करत होता. तीन पिढ्यांची फाउंड्री असलेल्या घरातला मुलगा, या पत्र्याच्या शेडमध्ये फरशीवर पाठ टेकून नट कसे आवळायचे ते शिकला होता. तापलेल्या गाडीला हॅन्डब्रेक लावू नये, फेऱ्या संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, सगळं पाठ होतं. घरात तो बायकोचं ऐकायचा नाही, आईचं ऐकायचा नाही, पण दस्तगीर मिस्त्रींचं ऐकायचा. त्याचं हे फळ.

त्यानं तरातरा जाऊन डिकी उघडली. मागची सीट पाडलेली होती, आणि तिथपासून डिकीच्या टोकापर्यंत नवाकोरा माल खच्चून भरलेला.

“हे बघा. चार टायर. नख लावून बघा, नख. हे ब्रेक पॅड, या खेपेला नवे घेतलेत, सील फोडलेलं नाही. हे ब्रेक ऑइल, रेसिंगचं. डबा बंद आहे, हवासुद्धा लागू दिलेली नाही. शनिवारी सगळं चढवणार. रविवारी ट्रॅक. रविवारी संध्याकाळी सगळं उतरवून, पुसून, कापडात गुंडाळून परत कपाटात. दर खेपेला असंच. एक खेप चुकलेलो नाही मी!”

शेवटचं वाक्य बोलताना त्याची छाती फुगली. खरं म्हणजे याच गोष्टीचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता. क्लबातली बाकीची पोरं ट्रॅकचे टायर रस्त्यावर झिजवत हिंडायची. त्याच्याकडं शिस्त होती.

“आन सोमवारी?” मिस्त्रींनी विचारलं.

“सोमवारी काय?”

“सोमवारी काय चढवता?”

“जुनेच. आत्ता आहेत ते. रोजच्याला काय लागतंय, चाचा? घर ते फाउंड्री. येताना आईला देवळातून घ्यायचं, पोरीला क्लासवरनं आणायचं. चाळिसाच्या वर काटा जात नाही. तेवढ्याला चांगला माल कोण घालवतो? चांगलं ते ट्रॅकला.”

मिस्त्रींनी डिकीकडं बघितलं. मग गाडीकडं बघितलं. मग पुन्हा डिकीकडं.

“म्हंजे तुमची गाडी डिकीत हाय,” ते म्हणाले. “मग ही कुणाची घिऊन आलासा?”

लेथवाला खळखळून हसला.

हर्षवर्धनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“चेष्टा करू नका. माझे दोन महिने गेलेत. सही द्यायची नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्याची आणतो.”

“आणा की.”

“दुसऱ्याची चालत नाही!”

“मग अवघड हाय.”

“लोखंड आमच्या घरात आजोबांपासून वितळतंय. धातू कधी तापतो, कधी तुटतो, ते तुम्ही मला शिकवणार? तीन वर्षं तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही. तुम्ही म्हणालात माल जपा, मी जपला. आणि आज सगळ्यांसमोर माझंच हसं करताय? काय चुकलं माझं? एक गोष्ट सांगा. एकच!”

मिस्त्रींनी कपातला उरलेला चहा पिऊन टाकला…

“मला घरी सोडता का?”

“काय?”

“घरी. मंडईच्या पल्याड. दुपारची नमाज व्हायचीय.”

हर्षवर्धन बघतच राहिला. मग त्याच्या मनात आलं, बरंच झालं. बसू दे म्हाताऱ्याला गाडीत. कळू दे गाडी काय चीज आहे. घराच्या दारात कागद पुढं करू. माणूस दारात उतरताना नाही म्हणत नाही.

त्यानं कागद डॅशबोर्डवर ठेवला, पेन त्याच्यावर ठेवलं आणि दार उघडून धरलं.

मिस्त्री बसले. बेल्ट लावला. मग वळून मागच्या टायरांच्या फटीत हात घातला आणि हर्षवर्धनचं लाल हेल्मेट ओढून काढलं. उलटसुलट करून बघितलं, आणि घातलं. हनुवटीखालचा पट्टाही आवळला. पांढरी दाढी त्याच्याखालून बाहेर आली.

“चाचा… हे काय?”

“हेल्मेट.”

“ते ट्रॅकवर घालायचं असतं.”

“ट्रॅकवर मी कुटं येतोय?”

लेथवाला मशीन बंद करून बाहेर आला होता. समोरचा वेल्डिंगवालाही आला. उद्यमनगरात दुपारच्या वेळेला एवढी करमणूक रोज मिळत नाही. हर्षवर्धननं दात आवळून गाडी काढली.

चौकात सिग्नलला बाजूचा रिक्षावाला वाकून वाकून आत बघायला लागला. मिस्त्रींनी त्याला हात केला.

“काढा हो ते. लोक हसतायत.”

“हसू द्यात.”

सिग्नल सुटला.

“मला एक सांगा,” हेल्मेटातून आवाज आला. “तकडं ट्रॅकवर म्हसरं आडवी येत्यात?”

“म्हसरं कशी येतील? कुंपण आहे सगळीकडं.”

“रिक्षा?”

“नाही.”

“समोरनं कोण येतं?”

“समोरनं कुणी येत नाही चाचा! सगळे एकाच दिशेनं जातात. वळणावळणावर झेंडा घेऊन माणूस असतो. अँब्युलन्स चालू करून उभी असते. किती वेळा आलाय तुम्ही, तुम्हाला काय माहीत नाही?”

“व्हय… ऱ्हातंय असं.”

आणि मिस्त्रींनी हनुवटीखालचा पट्टा आणखी एक घर आवळला.

आता मात्र हद्द झाली. हा माणूस आपल्या गाडीत जीव मुठीत धरून बसल्याचं नाटक करतो? आपल्या? क्लबात सगळ्यात नीट ब्रेक मारतो म्हणून ज्याचं नाव घेतात, त्याच्या? पुलाचा उतार लागला तसा हर्षवर्धननं पाय दाबला. फार नाही. जरासा. नुसतं दाखवायला. काटा चाळीस सोडून पंचावन्नला गेला.

उताराच्या तळाशी एक टेम्पो उभा होता. त्याच्या मागून एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन रस्त्यात आली.

हर्षवर्धननं ब्रेक दाबला. अगदी वेळेवर दाबला, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पेडल खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि पुढच्या चाकांतून असा आवाज निघाला की त्याच्या अंगावर काटा आला. लोखंडावर लोखंड. पॅडमध्ये घासायला काही उरलंच नव्हतं, हे तीन पिढ्यांच्या फाउंड्रीवाल्याला कुणी सांगायची गरज नव्हती. गुळगुळीत टायर फरफटत निघाले. डॅशबोर्डवरचा कागद, पेन, सगळं पायांत पडलं.

गाडी थांबली.

म्हातारीच्या लुगड्याला बंपर टेकला होता. पाटी उलटून मेथीच्या जुड्या बॉनेटवर पसरल्या होत्या. ओल्या, मुळांना माती असलेल्या.



हर्षवर्धनच्या तोंडात पहिलं वाक्य आलं ते असं होतं, की ही बाई मध्येच आली. खरोखर आलं होतं. ओठापर्यंत आलं होतं.

तेवढ्यात म्हातारी खिडकीजवळ आली. तिनं हात जोडले.

“चुकलं रं लेकरा. माझंच ध्यान न्हवतं. ऱ्हाग मानू नगंस.”

तिनं भराभर जुड्या गोळा केल्या. बॉनेटवर चिखल राहिला होता. तो बघून ती आणखीच घाबरली, आणि पदराचं टोक घेऊन बॉनेट पुसायला लागली. घाईघाईनं, जोर लावून. एवढ्या मोठ्या गाडीवर आपल्यामुळं डाग पडला म्हणून.

हर्षवर्धनला ते बघवेना. कानशिलं तापली. सकाळपासून तो ज्याच्या त्याच्यावर चिडत होता, मिस्त्रींवर, क्लबवर, लेथवाल्यावर. तो सगळा राग तसाच होता, फक्त आता तो दुसऱ्या कुणावर काढायची सोय राहिली नव्हती. पाठीमागं चार नवे टायर, सील न फोडलेले पॅड आणि हवा न लागलेलं तेल कापडात नीट गुंडाळून ठेवलेलं होतं. कालच याच गाडीतून, याच पॅडांवर, त्यानं मुलीला क्लासवरून आणलं होतं. ती पुढं बसली होती.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

“चाचा,” तो म्हणाला. “आजच चढवा सगळं. शनिवारपर्यंत नको. परत वळवतो, हळूहळू नेतो. आत्ताच चढवा.”

पायातला कागद त्यानं उचलला नाही. रविवारचं काही विचारलंही नाही.

मिस्त्रींनी पट्टा सोडला. दोन्ही हातांनी हेल्मेट काढलं आणि मांडीवर ठेवलं. त्यांचा चेहरा घामानं डबडबला होता, आणि हर्षवर्धननं तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना रागावलेलं पाहिलं.

म्हातारी अजून बॉनेट पुसत होती.

“चढवू,” मिस्त्री म्हणाले, आणि हेल्मेट त्याच्या हातात दिलं. “आदी खाली उतरा… आन हे त्या मावशीच्या डोक्यावर घालून या.”